बरणीपुरते स्वातंत्र्य

जूनच्या सुमारास जपानी बाजारात जर्दाळूच्या कुळातली हिरवी, आंबट ‘उमे’ फळे येतात. किलोभर फळे, अर्धा ते एक किलो खडीसाखर आणि ३५ टक्के मद्यार्काची १.८ लिटर ‘शोचू’ बरणीत घालून वर्षभर मुरवली, की घरची उमेशू तयार. या घरगुतीपणाच्या कौतुकात एक गोष्ट निसटते : १९६२ पर्यंत हे बेकायदा होते. आजही मूळ मद्य करभरणा झालेले आणि किमान २० टक्क्यांचे लागते. त्याहून सौम्य मद्यात फळ आपसूक आंबू शकते, आणि घरी मद्य आंबवण्यावर तर १८९९ पासून बंदी आहे. म्हणजे कायद्याला धास्ती नशेची नाही, महसूल बुडण्याची आहे. मुरवण्याची मुभा आणि आंबवण्यास मनाई, हा भेद कसला? विकायचे नसेल, तर घराला दोन्हींचा हक्क हवा.