बासरी कोणती, हे हेडफोनवर ठरवू नका

‘द अनटेम्ड’ ही चिनी मालिका 2019मध्ये आली आणि तिच्या नायकाची, वेई वूशियनची, काळी आडवी बासरी मोबाइलवरून थेट आपल्यापर्यंत पोचली. ती बघून ‘आपणही ही चायनीज फ्लूट शिकायचीच’ असं तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात आलं असेल. दुसऱ्या कुणाला चंदेरी वेस्टर्न फ्लूट खुणावत असेल. आणि आपली बासरी? ‘ती काय, जत्रेत मिळते राव!’

हौस चांगलीच आहे. प्रश्न पुढे येतो. हेडफोनवर जे भारी वाटलं ते मागवायचं, दोन आठवडे फुंकायचं, हवा आणि शिट्टी यापलीकडे काही निघालं नाही की वाद्य कपाटावर. वाद्य पडून राहिलं याचं एवढं वाईट नाही. ‘आपल्याला संगीत जमत नाही’ असा शिक्का आपण स्वतःवर मारून घेतो, ते वाईट. म्हणून कोणती बासरी गोड वाटते, हे नंतर बघा. आधी दोन प्रश्न विचारा: मला नेमकं काय वाजवायचंय? आणि माझं चुकलं तर समोर बसून सांगणार कोण?

चिनी बासरीपासून सुरू करू. तिचं नाव डिझी. ‘चायना माल’ म्हणून हसू नका. हे जुनं आणि नाजूक वाद्य आहे. बांबूची नळी, बोटांसाठी सहा छिद्रं आणि फुंकायच्या छिद्राच्या पुढे आणखी एक छिद्र, त्यावर बोरूच्या आतला पातळ पापुद्रा चिकटवलेला. फुंकलं की तो थरथरतो आणि सुराला झणझणीत धार येते. तंबोऱ्याला जवारी जे देते, तसंच काहीसं. पण हा पापुद्रा सैल पडला तर आवाज बसतो, जास्त ताणला तर धार जाते. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे त्याचा ताण बदलतो. घाटाखाली मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत आणि जुलैत दमट, म्हणजे पापुद्रा लावणं हेच एक वेगळं शिक्षण झालं.

मात्र एक गंमत बघा. डिझीवर वरची तीन छिद्रं झाकली की येतो तो तिथला ‘सा’. आपल्या बासरीवरही तसंच. सगळी झाकली की खालचा ‘प’, दोन्हीकडे. चिनी विद्यार्थी ज्येनपू नावाच्या पद्धतीने सूर 1 ते 7 या आकड्यांत लिहितात आणि 1 म्हणजे आपल्या ‘सा’सारखाच, कोणत्याही पट्टीत सरकणारा. म्हणजे डिझी शिकायचीच असेल तर आपल्या बासरीवर केलेली मेहनत वाया जात नाही. पापुद्रा आणि जिभेची काही खास कामं तेवढी नवी.

वेस्टर्न फ्लूटचं गणित वेगळं. म्युनिकच्या थिओबाल्ड बोम या सोनारकाम शिकलेल्या बासरीवादकाने 1847मध्ये त्याला आजचं रूप दिलं. छिद्रं जिथे सुराला हवीत तिथे पाडली आणि बोटं पोचत नाहीत म्हणून वर किल्ल्या बसवल्या. त्यामुळे गायक काळी एकवरून पांढरी पाचवर गेला तरी फ्लूटवाला फक्त बोटं बदलतो. बासरीवाल्याला आणि डिझीवाल्याला वाद्यच बदलावं लागतं. म्हणून त्यांच्या पिशवीत अनेक बासऱ्या असतात. फ्लूटवर सुमारे तीन सप्तकं मिळतात. बदल्यात काय जातं? उघड्या छिद्रावरून बोट अलगद सरकवून काढलेली मींड. शिवाय किल्ल्यांखालच्या गाद्या झिजतात, पावसाळ्यात ओल धरतात आणि दुरुस्ती कुणाकडूनही करून घेता येत नाही. वाद्य महाग आहेच.

एक गैरसमज इथेच मोडू. ‘बासरीवर हात बसला की फ्लूट सोपा जाईल,’ असं म्हणतात. फुंक आणि श्वास उपयोगी पडतील, पण किल्ल्यांची बोटं आणि स्टाफ नोटेशन नव्यानेच शिकावं लागेल. तुम्हाला ऑर्केस्ट्रात बसायचं असेल, लिहिलेले सूर बघून वाजवायचे असतील, तर बासरी हा तुमच्यासाठी वळसा आहे. सरळ फ्लूट घ्या. फक्त आधी शिक्षक शोधा, पैसे मग भरा.

आता जत्रेतल्या बासरीबद्दल. तिला शास्त्रीय मैफलीत आणलं पन्नालाल घोष (1911-1960) यांनी. रागाला लागणारा खर्ज आणि मींड मिळावी म्हणून त्यांनी सुमारे 32 इंचांची लांब बासरी वापरात आणली. पुढे पैलवानाच्या घरात जन्मलेल्या हरिप्रसाद चौरसियांनी ती जगभर नेली. म्हणून ‘साधी आहे’ म्हणून तिला कमी लेखू नका. पण शोभेची बासरीही घेऊ नका, तिचे सूरच जागेवर नसतात. पेटीशी जुळवून बघा, मगच घ्या. आणि पहिल्याच दिवशी लांब बासरीचा हट्ट नको. बोटं पोचली नाहीत की हवा गळते आणि दोष आपल्याला वाटतो. मध्यम लांबीची घ्या.

माझं मत स्पष्ट सांगतो. बुलढाण्यात, खामगावात, मेहकरात राहून शिकणाऱ्याने सुरुवात बासरीने करावी. यात अभिमानाचा प्रश्न नाही, कानाचा आहे. आपल्याकडे भजनी मंडळ आहे, पेटीवाले काका आहेत. त्यांना बासरी येत नसेल, पण तुमचा ‘ग’ उतरलाय हे ते डोळे मिटून सांगतील. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा बासरी घेऊनही देता येतात.

‘यूट्यूब आहे की!’ आहेच. पण व्हिडिओ तुम्हाला दाखवतो, तुमचं ऐकत नाही. ऑनलाइन क्लासमध्ये गुरू ऐकतात, पण कॉलचं ॲप बासरीचा लांब सूर गोंगाट समजून दाबून टाकतं. त्या ॲपमध्ये आवाज जसाच्या तसा पाठवायची सेटिंग असेल तर ती सुरू करा आणि महिन्यातून एकदा तरी कुणासमोर प्रत्यक्ष वाजवा.

आणि बासरी गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, बांबू तडकतो.

खरेदीआधी एक फुकटची चाचणी आहे. लहानपणी पेनाच्या टोपणावर आडवी फुंक मारून शिट्टी काढायचो ना? तिन्ही बासऱ्यांचा आवाज त्याच तत्त्वावर निघतो. रिकाम्या बाटलीच्या काठावर तशीच फुंक मारा आणि एकच सूर न थरथरता धरून बघा, रोज दहा मिनिटं, पंधरा दिवस. सोळाव्या दिवशीही फुंकावंसं वाटलं, तर पेटीवाल्या काकांना सोबत घेऊन दुकानात जा.