सत्तावीस गुणांचा हिशेब

आमच्यासारख्या चाळिशी उलटलेल्या शिक्षकानें संगणकावरील खेळांविषयीं शाळेच्या वार्षिकांत लिहावें, हें कित्येक पालकांस विपरीत वाटेल. आणि आम्ही निषेधासाठीं लेखणी उचललेली नाहीं, हें तर त्याहूनहि विपरीत वाटेल. मुलें खेळतात हें आम्हांस ठाऊक आहे. आम्हीहि खेळतों हें मुलांस ठाऊक आहे. तेव्हां उगीच सोवळेपणाचा आव न आणतां, ज्या एका जातीच्या खेळावर आमची विशेष प्रीति आहे, त्याविषयीं दोन शब्द मोकळेपणानें लिहावे, असा विचार आहे.

हा खेळ म्हणजे रोल-प्लेइंग गेम. यांत खेळणारा एखाद्या कल्पित जगांत एक पात्र बनून शिरतो. किल्ले, जादूगार, राक्षस, निषिद्ध बेटें यांनीं तें जग भरलेलें असतें. आपलें पात्र बलवान् असावें कीं चतुर, तलवारबहाद्दर असावें कीं मंत्रविद्या जाणणारें, हें खेळणाराच ठरवितो. या ठरविण्यास खेळणारांच्या भाषेंत 'बिल्ड' म्हणतात. आपण त्यास पात्राची घडण म्हणूं. मोठ्या कंपन्या शेंकडों माणसें राबवून असे खेळ काढितात. परंतु कांहीं खेळ एकटादुकटा मनुष्य किंवा मूठभर मित्र स्वतःच्या हिंमतीवर तयार करितात. त्यांस 'इंडी' हें नांव पडलें आहे. आमचा ओढा या धाकट्या घराण्याकडे आहे, आणि तो कां, हेंच येथें सांगावयाचें आहे.

या साऱ्या खेळांचा मूळपुरुष संगणकावर जन्मला नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल, फांसे आणि मित्रमंडळी एवढ्यावर तो चाले, आणि आजहि चालतो. त्यांत पात्राचे ६ गुण असतात: बल, चपळता, काटकपणा, बुद्धि, शहाणपण आणि दुसऱ्यांवर छाप पाडण्याची शक्ति. आरंभीं प्रत्येक गुणासाठीं ३ फांसे टाकीत, व जें दान पडेल तें पत्करीत. ३ पासून १८ पर्यंत कोणताहि आंकडा येई. पुढें दुसरी एक रीत आली. २०१४ सालच्या नियमग्रंथांत ती अशी दिली आहे: प्रत्येक गुण ८ पासून सुरू होतो, व खेळणारास खर्चावयास २७ अंक मिळतात. १३ पर्यंत चढण्यास दर पायरीस १ अंक पडतो; १४ ची व १५ ची पायरी मात्र प्रत्येकीं २ अंकांची. त्यापुढें या रीतीनें कोणासच जातां येत नाहीं. आतां हिशेब करून पाहा. एक गुण १५ वर नेण्यास ९ अंक लागतात. तीन गुण तेथवर नेले कीं नऊ त्रिक सत्तावीस. थैली रिकामी झाली, आणि उरलेले तीन गुण जेथल्या तेथें ८ वर राहिले.

घडणीचें सारें मर्म या साध्या अंकगणितांत आहे. काय मिळवावें हें सांगणें सोपें. काय सोडावें हें ठरवितांना हात थरथरतो. ज्यानें बल, चपळता व काटकपणा निवडला, त्यास पुढें राजसभेंत तोंड उघडतां येणार नाहीं, आणि ती फजिती त्यानें हंसत सोसली पाहिजे. आमच्या मतें जो खेळ ही फजिती टाळतो, तो घडणीचा खेळच नव्हे. मोठ्या खेळास लक्षावधि गिऱ्हाइकें लागतात. कोणीहि विन्मुख परत जाऊं नये म्हणून एकाच पात्रास सर्व विद्या शिकण्याची मोकळीक त्यांत पुष्कळदां देण्यांत येते. धाकट्या खेळास ही भीति कमी असते. २०१५ सालीं 'आयर्न टॉवर' नांवाच्या लहानशा मंडळीनें दहाहून अधिक वर्षांच्या खटपटीनंतर 'एज ऑफ डेकाडन्स' हा खेळ काढला. रोमन साम्राज्याच्या धर्तीवरील एका कोसळलेल्या राज्याची ही कथा. आम्ही पहिल्या वेळीं थोडी तलवार, थोडें वक्तृत्व व थोडा व्यापार असें पंचामृत करून निघालों, आणि दोनतीन प्रसंगांतच प्राणास मुकलों. पुढच्या खेपेस तलवार साफ टाकून दिली व केवळ जिभेच्या बळावर चाललों; तेव्हां शस्त्रास हात न लावतां शेवट गांठतां आला. एकाहि गोष्टीचा त्याग न करणारास तो खेळ उभाच करीत नाहीं.

आतां आमची मुख्य तक्रार सांगतों. वर्गाबाहेर मुलें आम्हांस गांठतात व पहिलाच प्रश्न करितात, "सर, बेस्ट बिल्ड कोणती?" खेळ अजून उघडलेलाहि नसतो, आणि कोणी तरी तयार केलेली घडण मात्र हातांत असते: या पायरीस हें घ्या, त्या पायरीस तें घ्या, अमुक वाटेस जाऊं नका. आम्ही स्वतः या मोहांत पडलों आहों. एका नाताळच्या सुटींत असाच एक आराखडा शेजारीं ठेवून आम्हीं एक लांबलचक खेळ संपविला. एकदांहि हार खाल्ली नाहीं. परंतु आठ दिवसांनीं आठवूं गेलों, तर आपलें पात्र असें कां झालें याचें एकहि कारण आम्हांस सांगतां येईना. दुसऱ्याच्या ताटांतील पक्वान्नांचें वर्णन वाचून आपण ढेंकर द्यावा, तशांतला तो विजय होता.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें अगदींच पोकळ आहे असें नाहीं. ते म्हणतात, वेळ थोडा आहे, खेळ अवघड आहेत, आणि चुकीची घडण केल्यास वीस तासांनंतर सारें पुन्हां आरंभावें लागतें. शिवाय उत्तम घडण शोधून काढणें हीहि एक विद्याच आहे. हें शेवटलें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. जो स्वतः अंक मांडतो, चुकतो, खोडतो व पुन्हां मांडतो, तो गणितीच होय; त्याची वही आम्ही आदरानें पाहूं. तक्रार आहे ती उत्तर तेवढें उतरून घेणाराविषयीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं 'अपेक्षित' प्रश्नसंच पाठ करणारा विद्यार्थी उत्तीर्ण होतो. पण पुस्तक त्यानें वाचलेलें नसतें.

या उतरून घेण्याच्या मुळाशीं आळसापेक्षां भय अधिक आहे, असें आम्हांस वाटतें. आपण हरूं, आपलें हंसें होईल, हें तें भय. २०१९ सालीं एस्टोनियांतील कांहीं लेखक-चित्रकारांच्या मंडळीनें 'डिस्को एलिझियम' हा खेळ काढला, तो या भयावर चांगला उतारा आहे. त्याचा नायक मद्यपानानें स्मृति गमावलेला एक पोलीस अधिकारी आहे. ४ मूळ गुण, त्यांत वांटावयास एकंदर १२ अंक, आणि त्यांतून निघणारीं २४ कौशल्यें. हीं कौशल्यें त्याच्या डोक्यांत बोलतात, सल्ला देतात, भांडतात. आणि एखादें फार वाढविलें तर तेंच त्यास भलत्या वाटेस नेतें. फांसा उलटा पडला तरी गोष्ट थांबत नाहीं. कित्येकदां हरलेल्या प्रसंगांतूनच अधिक करुण किंवा अधिक विनोदी प्रसंग उघडतो. ज्यानें हरणें टाळण्यासाठीं दुसऱ्याची घडण आणली, त्यानें निम्मा खेळ दाराबाहेरच ठेविला.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. अंक वाढतात तेव्हां नक्की काय वाढतें? बहुतेक खेळ हा प्रश्न विचारीत नाहींत. अमेरिकेंतील जेफ व्होगेल या गृहस्थांनीं १९९४ सालीं 'स्पायडरवेब सॉफ्टवेअर' ही छोटी कंपनी स्थापिली, व २००१ सालीं तिचा 'जीनफोर्ज' निघाला. त्यांत एका निषिद्ध बेटावर ठिकठिकाणीं नळकांडीं सांपडतात. नळकांडें वापरलें कीं कोणतेहि श्रम न करितां नवी शक्ति अंगीं येते. मात्र पुष्कळ नळकांडीं वापरणाराची वाणी हळूहळू उर्मट होते, आणि कथेचा शेवटहि पालटतो. आंकड्यांपुरतें पाहिलें तर नळकांडीं घेणारें पात्रच श्रेष्ठ. त्याच्याशीं बोलावयास जावें तर तें असह्य. उपदेशाचें एक अक्षरहि न उच्चारतां त्या खेळानें फुकटच्या सामर्थ्याची किंमत आम्हांस दाखवून दिली.

टोबी फॉक्स यांनीं बहुतांशीं एकट्यानें रचलेला २०१५ सालचा 'अंडरटेल' याहि पुढें गेला. (ज्यांस तो स्वतः खेळावयाचा आहे, त्यांनीं हा परिच्छेद सोडून द्यावा.) इतर खेळांप्रमाणें येथेंहि शत्रूस मारलें कीं अंक मिळतात व लेव्हल चढते. शेवटाजवळ आल्यावर खेळ शांतपणें सांगतो कीं, ते अंक अनुभवाचे नव्हतेच. आपण इतरांस किती दुखविलें, याचें तें माप होतें. ज्यानें कोणासहि मारलें नाहीं, तो शेवटपर्यंत १ ल्या लेव्हलवरच राहतो. दुर्बळ, परंतु निर्मळ! आणि ज्यानें सर्वांचा संहार करून शेवट पाहिला, त्यानें पुन्हां पहिल्यापासून सज्जनपणें खेळावयाचें ठरविलें, तरी त्या शुभ शेवटावरहि पूर्वीचा डाग राहतो. पुनरारंभाच्या कळीनें सारें धुवून निघतें, या आमच्या समजुतीस त्यानें चांगलाच धक्का दिला.

येथवर खेळाची बाजू मांडली. आतां आम्हांस बोचलेली एक गोष्ट. मागें एकदां नववीच्या वर्गांत एका मुलाच्या वहींतून एक पान खालीं पडलें. त्यावर वर्गांतील मुलांचा तक्ता होता: बल, चपळता, बुद्धि असे सहाहि गुण, आणि प्रत्येकाच्या नांवापुढें आंकडे. करणाराचें नांव शेवटीं होतें. शहाणपण ३, छाप ३. म्हणजे तीन फांशांनीं पडूं शकणारें सर्वांत हलकें दान. आम्हीं त्यास बाजूस बोलाविलें. रागावण्याचें मनांत नव्हतेंच. त्यानें खालीं मान घालून एवढेंच विचारलें, "सर, अंक पुन्हां वांटून घेतां येतात का?" खेळांत तशी सोय पुष्कळदां असते. आम्हांस तेव्हां चटकन उत्तर सुचलें नाहीं. कारण वर्षांतून दोनदां असाच एक तक्ता आम्ही आमच्या सहीनिशीं घरोघर धाडतों; त्यास गुणपत्रक म्हणतात.

त्या दिवशीं जें सुचलें नाहीं तें आज लिहितों. मुला, खेळांतील पात्राचे अंक आधीं लिहिलेले असतात, म्हणून तें पात्र समजतें. तुझे अंक कोणीं पाहिले आहेत? वसतिगृहांतील लहान मुलांचें गणित अडलें कीं तीं तुझ्या खोलीकडे वळतात, हें आम्हीं पाहिलें आहे. तुझ्या तक्त्यांत त्यास रकानाच नव्हता, आणि आमच्याहि तक्त्यांत नाहीं. रुपयांचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या तासाला कितीदां तरी ऐकला आहे. पांच हजार मिळालेला दास आणि दोन हजार मिळालेला दास, या दोघांस धन्यानें एकाच शब्दांत शाबासकी दिली, इकडे आमचें लक्ष फार उशिरां गेलें. आणि तिसऱ्यावर जो ठपका आला, तो एकच हजार मिळाल्याबद्दल नव्हता; भिऊन तो जमिनींत पुरल्याबद्दल होता.

पालकांसहि एक नम्र विनंति आहे. दहावीचा निकाल लागतांच अमुक शाखा, तमुक क्लास, अमुक प्रवेशपरीक्षा अशी जी घडण शेजारच्या घरांतून उतरून आणली जाते, तीहि उसनीच घडण होय. ती कदाचित् जिंकूनहि देईल. परंतु पुढें केव्हां तरी त्या मुलास "मी असा कां झालों?" हा प्रश्न पडेल, आणि आमच्या त्या नाताळच्या विजयाप्रमाणें त्याचें उत्तर त्याच्यापाशीं नसेल.

आमच्या विद्यार्थिमित्रांस शेवटीं इतकेंच सांगणें आहे: अभ्यास आटोपून सुटींत खेळावयास बसाल, तेव्हां कोणाचाहि आराखडा न पाहतां एक पात्र घडवून पाहा. तें लंगडें होईल; होऊं द्या. काय सोडलें तें एका कागदावर लिहून ठेवा, व त्यामुळें जेथें जेथें हराल तेथें तेथें थांबून विचार करा. दुसरें पात्र पहिल्याहून बरें निघेल, आणि तें तुमचें स्वतःचें असेल. मात्र खेळ बंद केल्यावर शेजारच्या बांकावरील मित्राकडे पाहतांना आंकडे विसरा. आणि आरशांत पाहतांना तर अवश्य विसरा.