पणजोबांच्या नावाला कुलूप, पण किती वर्षं?

आजोबांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पणजोबांचं नाव श्राद्धपक्षात आठवतं. खापरपणजोबांचं विचारलं, की घरातली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात! आजवर त्यावाचून कुणाचं फारसं अडत नव्हतं. आता अडतं. जातीचा दाखला हवा, वारसाची नोंद हवी, परदेशात वाढलेल्या नातवाला ओसीआय कार्ड हवं, की जुना कागद शोधायची वेळ येते. २०२५ च्या अखेरीस छत्तीसगडमध्ये मतदारयादीची विशेष फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा घरोघरी २००३ च्या यादीत आईवडिलांची नावं शोधली गेली ती याच कारणानं.

भिलाईला लागून असलेल्या कुरुदचंच उदाहरण घ्या. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये पहिली भट्टी पेटली. त्या काळात विदर्भातून कितीतरी मराठी कुटुंबं नोकरीसाठी इकडे आली. समजा, त्यातलं एखादं अनुसूचित जातीचं कुटुंब १९५७ मध्ये भंडाऱ्याकडून आलं. आज पणतीला जातीचा दाखला हवा आहे. इथे अनुसूचित जातीसाठी १९५० पासूनचा रहिवास पाहतात, इतर मागासवर्गासाठी १९८४ पासूनचा. म्हणजे या मुलीला पुन्हा पणजोबांच्या गावी जाणं आलं.

पण गाव तरी कुठल्या दप्तरात शोधायचं? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा आणि दुर्ग एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर. मग भंडारा मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्य प्रदेशात राहिला, २००० मध्ये छत्तीसगड झालं. त्याआधीची गंमत म्हणजे दुर्ग जिल्हाच मुळी १९०६ चा! त्यापूर्वीचे इथले कागद रायपूर नाहीतर बिलासपूरच्या नावावर. शिवाय धमतरी जिल्ह्यातही एक कुरुद आहे. नुसतं 'कुरुद' लिहून अर्ज टाकला तर तो भलत्याच गावी पोचायचा.

एवढं करून दप्तर सापडलं, की खिडकीवर प्रश्न येतो, "तुमचं नातं काय? पुरावा आणा." नातं सिद्ध करायलाच तर तो कागद हवा असतो! म्हणजे किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप.

कायदा काय म्हणतो ते पाहू. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याच्या १७ व्या कलमानुसार 'कोणीही व्यक्ती' शुल्क भरून नोंदीचा शोध घ्यायला लावू शकते आणि नोंदीचा दाखला मागू शकते. अट एकच, मृत्यूचं कारण दाखल्यात उघड करायचं नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर दाखला संगणकावरूनही मिळण्याची सोय झाली. कायद्याची भाषा अशी मोकळी असली, तरी तपशिलाचे नियम राज्यांच्या हाती आहेत. त्यामुळे खिडकीवरचा अनुभव दर ठिकाणी वेगळा येतो.

दुसरीकडे वारं गोपनीयतेच्या बाजूनं वाहत आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यातल्या तरतुदीनं माहिती अधिकाराच्या कायद्यातलं ८(१)(जे) हे कलम बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. पूर्वी त्या कलमातच लिहिलं होतं, की व्यापक जनहित असेल तर व्यक्तिगत माहितीही देता येईल. आता तिथे व्यक्तिगत माहितीला सरसकट सूट आहे. जनहिताचा आधार ८(२) मध्ये उरला आहे खरा, पण नकार देणं कारकुनाला सोपं झालं.

आणि जनगणना? १९४८ च्या कायद्याचं १५ वं कलम सांगतं, की जनगणनेच्या नोंदी कुणाला पाहता येणार नाहीत. किती वर्षं? मुदतच नाही!

यावर कुणी म्हणेल, उघडून टाका सगळं. तेही बरोबर नाही, वाचकहो. जन्माची नोंद म्हणजे नुसती तारीख नसते. एकट्या आईनं मूल वाढवलेलं असतं, कुणी दत्तक असतं, कुणाच्या जुन्या नावाला चिकटलेली जात त्याला नकोशी असते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की एकट्या आईनं प्रतिज्ञापत्र दिलं तर मुलाचा जन्मदाखला द्यावा, बापाचं नाव सांगायची सक्ती करू नये. अशा घरचं गुपित शेजाऱ्यानं शुल्क भरून वाचावं काय? शिवाय जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव हाती आलं, की बँकेच्या नावानं गंडवणाऱ्यांचं अर्धं काम झालं.

आपल्या पूर्वजांनी यातून मधली वाट काढली होती. नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय वहीतली वंशावळ दाखवतात, पण आधी तुमचं आडनाव आणि मूळ गाव विचारून. सीमाभागातले हेळवी ज्या घराण्याची वंशावळ, त्याच घराण्याच्या ओसरीवर म्हणून दाखवतात.

बाहेरच्या देशांनी ही वाट वर्षांच्या हिशेबानं आखली. नेदरलँड्समध्ये जन्माची नोंद १०० वर्षांनी, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षांनी सर्वांना खुली होते. आयर्लंडनं २०१४ मध्ये अलीकडच्या नोंदींची सूची संकेतस्थळावर ठेवली, आक्षेप आला, ती काढली आणि मग हेच आकडे धरून जुना भाग परत खुला केला. अमेरिकेत जनगणना ७२ वर्षांनी उघडते. तिथली १९५० ची पानं १ एप्रिल २०२२ रोजी लोकांनी पाहिली.

आपल्याकडेही गरज पडली की दप्तरं उघडतातच. महाराष्ट्रात २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी कोतवालाची बुकं, शाळांची रजिस्टरं, मोडीतले कागद तपासले गेले. लाखो नोंदी मिळाल्या. म्हणजे कागद आहेत, ते उघडताही येतात. मग एका समाजासाठी एकदा उघडण्याऐवजी सर्वांसाठी वर्षांची मुदत का ठरवू नये? जिवंत माणसाला पूर्ण आडोसा द्या, शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीला उजेड द्या.

तोवर आपण काय करायचं? प्रथम घरातली वडीलधारी मंडळी गाठा. आजीचं माहेर, गाव, तहसील आणि तेव्हाचा जिल्हा लिहून घ्या. जुन्या जन्मनोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं, तेव्हा बापाच्या नावानं शोधा. एकच साल सांगू नका, पाच-सात वर्षांचा शोध मागा. छत्तीसगडमध्ये शाळेचा दाखलखारीज, कोटवाराची नोंद आणि बंदोबस्ताची मिसल हे तिन्ही विचारा. नोंद नसेल तर तोंडी उत्तरावर परतू नका, अनुपलब्धतेचा लेखी दाखला घ्या. आणि माहिती अधिकाराच्या ८(३) कलमाचा उल्लेख अर्जात करा. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, तीन अपवाद सोडता, द्यावी असं ते सांगतं आणि व्यक्तिगत माहितीचं कलम त्या तिनांत नाही.

वंशावळ तयार झाली, की तिच्या दोन प्रती करा. पूर्ण प्रत घरच्या कपाटात राहू द्या. नातेवाइकांच्या मोबाईलवर पाठवायची ती मृतांपुरती. हयात माणसांच्या जन्मतारखा जगाला सांगायची काही गरज नाही. सरकारनं जो विवेक दाखवावा असं आपण म्हणतो, तो आधी आपल्या घरात दिसायला नको का?