अवचित संध्याकाळ आणि घरातलं पेय

गिरगावातल्या चाळीत पाहुण्यांनी आधी कळवून यायची पद्धत नव्हती. दार उघडंच असायचं. कुणी आलं की चहाच्या आधणात कपभर पाणी वाढायचं. आता लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, तरी अवचित येणारी माणसं थांबलेली नाहीत. "तुझ्या बिल्डिंगखालीच आहे, येऊ का वर?" असा फोन येतो आणि दहा मिनिटांत मैफल जमते. त्या वेळी काय प्यायलं जातं? जे घरात असतं ते.

म्हणून माझं मत असं, की संध्याकाळ अवचित असली तरी त्या संध्याकाळी काय प्यायचं, हे आठवड्याच्या खरेदीतच ठरलेलं असतं. ते शुद्धीवर असताना, शांत डोक्याने ठरवावं.

माझे एक रुग्ण आहेत, पन्नाशीचे, परळला राहणारे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. एके संध्याकाळी जुने मित्र आले, "पाहुण्यांसाठी" ठेवलेली बाटली निघाली. गप्पांत जेवण राहून गेलं. अकराच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम आला, बोलणं अडखळू लागलं. "आज जरा जास्तच झाली," असं म्हणून बायकोने त्यांना झोपवलं. मुलाला शंका आली, त्याने ग्लुकोमीटर लावला. साखर होती ४६! ते शुद्धीवर होते, म्हणून साखरेचं पाणी देता आलं आणि निभावलं.

असं का होतं? ही गोळी शरीरातलं इन्शुलिन वाढवून साखर खाली आणते. पोट रिकामं असेल तर यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडतं. पण दारू पोटात गेली की यकृताचं हे काम मंदावतं. वरून साखर आणखी घसरते आणि खालून आधार मिळत नाही. शिवाय घाम, अडखळणं, गुंगी ही साखर कमी झाल्याची लक्षणं नशेसारखीच दिसतात. मधुमेही माणूस पिऊन असा वागू लागला तर आधी साखर तपासा. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. 'डाएट' कोलाने काम होणार नाही, त्यात साखर नसते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवा आणि तडक रुग्णालयात न्या.

"आम्ही फक्त बिअर ठेवतो, डॉक्टर," असंही बरेच जण सांगतात. हिशेब करून पाहा. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार स्मॉल पेग. पूर्णपणे सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. तुम्ही स्वतः पीत नसाल तर केवळ पाहुण्यांसाठी बाटली आणून ठेवायची गरज नाही. पीत असाल तर साठा करू नका. आणि मधुमेहाच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला आग्रह तर मुळीच करू नका.

मग कोल्ड्रिंकची मोठी बाटली आणावी का? ३०० मिली कोलात ३० ग्रॅमहून अधिक साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. दिवसभरातली वरची साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. डब्यातला ज्यूस आणि टॉनिक वॉटर यांतही साखर असते. दादरला गेल्यावर पियुष जरूर प्या, पण ते पक्वान्न समजून. रोजचं पेय म्हणून नव्हे.

माझ्या घरी चारच गोष्टी असतात: लिंबं, दही, कोकम आगळ आणि साधा सोडा. लिंबू-सोडा, जिरं घातलेलं ताक, कोकमाचं पाणी, शिवाय चहा आहेच. दहा मिनिटांत सगळं तयार होतं. मात्र कोकमाची बाटली घेताना लेबल वाचा. 'आगळ' म्हणजे मीठ घातलेला रस, 'सरबत' म्हणजे साखरेचा पाक. रक्तदाब असलेल्यांना आगळ आणि ताक देताना मीठ जपून वापरा. किडनीचा आजार असेल तर पाणीसुद्धा डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं. त्या पाहुण्याला विचारूनच द्या. पन्ह्यात गूळ घातला तरी ती साखरच.

आणि सोबत खायला हवंच: उकडलेले चणे, शेंगदाणे, काकडी. रिकाम्या पोटी बसवून कुणाचाही पाहुणचार होत नाही.

आपल्याकडे "एवढ्याने काय होतंय?" हा आग्रहाचा भाग समजला जातो. पाहुणा एकदा नको म्हणाला की तिथेच थांबावं. त्याच्या खिशात कोणत्या गोळ्या आहेत हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि चार मित्रांसमोर ते सांगायला त्याला संकोच वाटतो. त्याच्या हातात मुकाट्याने लिंबू-सोड्याचा ग्लास द्यावा आणि गप्पा पुढे चालू ठेवाव्यात.