घरातली पेढी आणि कायद्याची फूटपट्टी

सकाळी नऊपर्यंत ज्या मेजावर मुलांचे डबे भरले जातात, त्याच मेजावर दहा वाजता पावतीपुस्तके, नमुन्यांच्या पेट्या आणि हिशेबाच्या वह्या येऊन बसतात, आणि रात्रीच्या जेवणाची वेळ झाली म्हणजे त्या निमूटपणे कपाटात जातात, हे दृश्य मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील असंख्य बिऱ्हाडांना परिचित आहे. घरातून धंदा करणे ही काही कालपरवाची टूम नव्हे. आमच्या चाळींतील शिंपी, शिकवणीचे मास्तर, दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या गृहिणी यांना दुसरे दुकान कधीच नव्हते. १९५९ साली सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर गिरगावातील एका गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्यातूनच ‘लिज्जत’ उभी राहिली. दुकानाचे भाडे ज्याला परवडत नाही, त्याच्या उद्योगाचा जन्म घरातच व्हावयाचा. प्रश्न एवढाच, की अशा माणसाच्या घराचा जो कोपरा धंद्याने व्यापला, त्याचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून प्राप्तिकराच्या हिशेबात धरला जातो काय? आणि धरला जात असेल, तर तो मागण्याचे धैर्य त्याला होते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ३० व्या कलमाने धंद्याच्या जागेचे भाडे, स्थानिक कर, दुरुस्ती आणि विम्याचा हप्ता हे खर्च वजा करण्यास मुभा दिली; आणि ३८ व्या कलमाने त्याही पुढे जाऊन, जागेचा काही भाग राहण्यासाठी आणि काही भाग धंद्यासाठी वापरला जात असेल, तर त्या प्रमाणात वजावट मिळेल असे स्पष्ट सांगितले. फर्निचर, संगणक इत्यादी वस्तू पूर्णपणे धंद्यासाठी नसल्या, तरी त्यांच्या घसाऱ्याचा योग्य तो हिस्सा मिळतो. वीज, टेलिफोन, टपाल यांसारखा खर्च ३७ व्या कलमाखाली येतो. अट एवढीच, की तो खाजगी नसावा आणि निव्वळ धंद्यासाठी झालेला असावा. २०२५ साली संसदेने नवा प्राप्तिकर कायदा संमत केला आणि त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही ठरविली. त्याने कलमांचे क्रमांक बदलले, भाषाही पुष्कळ सोपी केली. परंतु हे मूळ तत्त्व कायम ठेवले. नव्या करप्रणालीत गेलेल्यांच्या अनेक वजावटी बुडाल्या हे खरे. पण धंद्याचा रास्त खर्च बुडालेला नाही. कित्येक सुशिक्षित व्यापारीही याबाबत गैरसमजात असतात, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

मग अडते कोठे? एक उदाहरण घेऊ. समजा, एका विमा प्रतिनिधीचे पाचशे चौरस फुटांचे भाड्याचे घर आहे, भाडे दरमहा तीस हजार रुपये आहे आणि शंभर चौरस फुटांची एक खोली त्याने कामासाठी वेगळी ठेवली आहे. घराचा पाचवा हिस्सा धंद्याला गेला. म्हणजे महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार रुपये हा धंद्याचा खर्च झाला. त्याचे निव्वळ उत्पन्न चौदा लाख असेल, तर २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या प्रणालीतील दरांनी या वजावटीमुळे त्याचा कर, उपकरासह, अकरा हजार दोनशे बत्तीस रुपयांनी कमी होतो. ही रक्कम कोणाला गडगंज करणारी नाही. पण मध्यमवर्गीय संसारात मुलाच्या शिकवणीची फी त्यातून भागते.

येथे काही वाचक म्हणतील, की छोट्या व्यापाऱ्याला हा खटाटोप हवाच कशाला? त्याच्यासाठी १९६१ च्या कायद्यातील कलम ४४-अड होतेच. उलाढाल दोन कोटींच्या आत, आणि रोखीने आलेली रक्कम पाच टक्क्यांहून अधिक नसेल तर तीन कोटींच्या आत असली, की उलाढालीच्या आठ टक्के, बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या सहा टक्के, एवढा नफा धरावा आणि मोकळे व्हावे. ही सोय खरोखरीच उपकारक आहे. मात्र ती स्वीकारणाऱ्याने घराचा खर्च वेगळा मागू नये. तो सर्व खर्च त्या टक्केवारीत आलाच, असे कायदा मानतो. आणि दलाली, कमिशन किंवा आडतीवर जगणाऱ्यांना तर हे दारच बंद आहे. आमच्या उदाहरणातील विमा प्रतिनिधी नेमका याच वर्गातला. त्याने वह्या ठेवाव्यात, प्रत्येक खर्च सिद्ध करावा आणि मग वाट पाहावी. कशाची? तर अधिकाऱ्याच्या मताची. कारण भाड्याचा किती हिस्सा मान्य करावयाचा, हे त्या जागेच्या वार्षिक मूल्याचे प्रमाण पाहून अधिकाऱ्याने ठरवावे, अशीच ३८ व्या कलमाची भाषा होती. खोली वेगळी असली तर फूटपट्टी लावता येते. पण जेथे दीड खोलीत सहा माणसे राहतात आणि एकच मेज तीन कामे करते, तेथे ‘योग्य प्रमाण’ कोणत्या पट्टीने मोजावयाचे? दोन अधिकाऱ्यांची दोन उत्तरे येणार आणि करदाता मधल्या मध्ये सापडणार.

याचा परिणाम आम्ही रोज पाहतो. जो सज्जन आहे तो म्हणतो, ‘नको ती वजावट आणि नको ती नोटीस.’ जो धूर्त आहे तो अर्धे घर कचेरी म्हणून दाखवितो, दिवाळीचा रंग आणि बैठकीतला सोफा धंद्याच्या खाती टाकतो, आणि पकडला जाईपर्यंत मिशीला पीळ देतो. जो कायदा भित्र्याला त्याचा हक्क देत नाही आणि निर्ढावलेल्याला आवरत नाही, त्याचा हेतू कितीही उदात्त असो, तो व्यवहारात अन्यायच करतो. या भीतीला आणखी एक पदर आहे. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात खोली दाखविली, तर उद्या महापालिका व्यापारी दराने कर मागेल, गृहनिर्माण संस्था नोटीस बजावील, अशी धास्ती अनेकांना वाटते. आणि तिचे निराकरण करण्याची तसदी कोणी घेत नाही.

आता पगारदाराकडे पाहा. नव्या प्रणालीत त्याला पंचाहत्तर हजार रुपयांची सरसकट वजावट एकही पावती न दाखविता मिळते. ती मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. पण नोकराच्या शब्दावर जे सरकार पंचाहत्तर हजारांपर्यंत विश्वास ठेवते, त्याने स्वतःचा रोजगार स्वतः निर्माण करणाऱ्याकडून बहात्तर हजारांसाठी फूट-इंचांचा हिशेब घ्यावा, यात न्याय कोणता?

इतर देशांनी या गाठीवर उपाय शोधले आहेत. अमेरिकेने २०१३ पासून घरातील कामाच्या जागेसाठी दर चौरस फुटाला पाच डॉलर, कमाल तीनशे चौरस फुटांपर्यंत, असा सोपा पर्याय दिला. तेथे ती जागा केवळ धंद्यासाठीच राखलेली असावी लागते. जेवणाचे मेज चालत नाही. त्या मानाने आमचा कायदा अधिक उदार आहे, हे कबूल केले पाहिजे. ब्रिटनने जागा मोजण्याऐवजी तास मोजले. घरून महिन्यास पंचवीस किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्याला तासांप्रमाणे दरमहा दहा, अठरा किंवा सव्वीस पौंड ठरीव वजावट मिळते. रक्कम लहान आहे, पण वाद नाही.

आमच्या अर्थमंत्र्यांनी असाच एक ऐच्छिक मार्ग काढावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. जे वह्या ठेवतात आणि घरातून धंदा करतात, त्यांना एक ठरीव वार्षिक रक्कम, तिच्यावर निश्चित मर्यादा घालून, वजा करू द्यावी; ज्याला प्रत्यक्ष खर्च मागावयाचा असेल त्याच्यासाठी जुना रस्ता खुला राहावा. लोक खोटे दावे करतील, हा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. पण मर्यादा ठरली की लबाडीलाही मर्यादा पडते, आणि तिजोरीचे नुकसान किती होईल याचा अंदाज आधीच बांधता येतो. आज त्या नुकसानीला मोजमापच नाही. त्याबरोबरच राज्य सरकारने, शांतपणे आणि शेजाऱ्यांना उपद्रव न देता चालणाऱ्या घरगुती कामामुळे घर ‘व्यापारी’ ठरत नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत जाहीर करावे.

सरकारला उपदेश करून आमचे काम संपत नाही. चार शब्द वाचकांनाही सांगितले पाहिजेत. जागा खरोखर मोजा आणि तिचा साधा आराखडा वह्यांबरोबर ठेवा. भाडेकरार लेखी असू द्या आणि भाडे बँकेतून द्या. एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांवर रोख दिलेला खर्च धंद्यात मान्य होत नाही. घर स्वतःच्या मालकीचे असेल तर स्वतःला भाडे देण्याचा खेळ करू नका. मालकाला दुरुस्ती, कर, विमा आणि घसारा यांचाच हिस्सा मिळतो. घसारा घेतलात तर पुढे घर विकताना त्या भागाचा हिशेब वेगळा होईल, हेही ध्यानात असू द्या. पत्नीला किंवा वडिलांना भाडे देत असाल, तर ते खरोखर द्या, बाजारभावाने द्या आणि त्यांच्या उत्पन्नात ते दाखवा. रास्त असेल ते निर्भयपणे मागा. रास्त नसेल त्याच्या वाटेस जाऊ नका.

घरातल्या एका कोपऱ्यात बसून जो माणूस स्वतःचे पोट भरतो, तो सरकारकडे नोकरी मागत नाही, अनुदान मागत नाही. तो एवढेच मागतो, की त्याच्या कोपऱ्याकडे चोराच्या अड्ड्यासारखे पाहू नये, त्याची पेढी म्हणून पाहावे. ती पेढी लहान आहे. पण तिच्या वहीत जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजू आहेत. जमेची बाजू वाचताना सरकारचा डोळा तीक्ष्ण असतो. खर्चाची बाजू वाचतानाही तो तितकाच उघडा असावा.