लाकडाच्या धुराचे पोवाडे

कडक पावाच्या आठवणी काढून उसासे टाकण्याची साथच हल्ली सुशिक्षित घरांतून पसरली आहे. बोटाने दाबताच ज्याचा वरचा पापुद्रा कडकन् मोडावा आणि चहात बुडवूनही ज्याचा ताठा क्षणभर टिकावा, असा तो इराण्याकडील ब्रून आता पूर्वीसारखा मिळत नाही, ही तक्रार. डहाणू, घोलवड, बोर्डी ह्या पट्ट्यात तर तिला घरचा जिव्हाळा आहे. कारण येथील चिकूच्या वाड्या वाढविण्यात ज्या इराणी घराण्यांचा हात होता, त्यांचेच धर्मबंधू मुंबईच्या नाक्यानाक्यावर चहा-पाव विकीत होते. त्यांची दुकाने एकामागून एक बंद पडली, ह्याचे दुःख आम्हांसही आहे. तेव्हा तक्रारीशी आमचा वाद नाही. वाद आहे तो तिच्या मागोमाग येणाऱ्या निदानाशी.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्यास फर्मावले, आणि ह्या उसाशांना आयता आरोपी सापडला. लाकूड गेले म्हणजे पाव गेला, असा कंठशोष सुरू झाला. जणू काय पावाचा आत्मा धुरातच होता!

पापुद्र्यास धुराची गरज नाही. त्यास हवी प्रखर उष्णता आणि वाफ. भट्टीच्या जाड विटा तासन्‌तास तापून उष्णता साठवितात. पाव आत सरकविला की ती खालून-वरून एकदम त्यावर तुटून पडते. दाटीने मांडलेल्या पावांतून निघणारी वाफ आरंभी त्यांचा पृष्ठभाग ओलसर ठेवते, त्यामुळे पाव फुगावयास अवधी मिळतो आणि वरच्या थरातील पिष्ट शिजून त्याची पातळ खळ बनते. मग वाफ सरते, खळ सुकते, तांबूस होते, आणि बाहेरच्या हवेत निवताना तडकते. आमच्या कानांत भरून राहिलेली कडकड ती हीच. पिठात तूप-साखर जवळजवळ नसते, हेही एक कारण; तूप पडले की पापुद्रा नरम होतो. ह्या सर्व व्यवहारात लाकडाचे काम विटा तापविण्यापुरतेच. तेवढे काम गॅसला साधणार नाही, असे म्हणणाऱ्याने ते विटांस विचारून पाहावे.

शिवाय जळणारे लाकूड तरी कोणते? मोडक्या खुर्च्या-कपाटांचे, रंग आणि सरस लागलेले भंगार मुंबईतील पुष्कळ भट्ट्यांत गेले आहे. त्याचा धूर शेजारच्या चाळीतील मुलाच्या छातीत शिरतो. भट्टीपुढे रात्रभर उभ्या असणाऱ्या कामगाराच्या छातीत तर त्याच्याही आधी.

आणि लाकडाची आठवणच काढावयाची, तर डहाणू-तलासरीने तरी ती अर्धवट काढू नये. ठाणे जिल्ह्याच्या जंगलातील जळाऊ लाकूड आणि कोळसा मुंबईस जाई, त्या काळी ह्या भागात ते तोडणारे हात वारल्यांचे होते, आणि त्यांच्या माथी वेठ लिहिलेली होती. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करावयाची नाही असे त्यांनी ठरविले. पुढे १९४६ साली जंगलतोडीच्या कामास रोज सव्वा रुपया मजुरी मिळावी, एवढ्यासाठी त्यांस संप करावा लागला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात त्या लढ्याची हकीकत लिहून ठेवली आहे. कडक पावावर लेख लिहिणाऱ्यांनी ते एकवार वाचावे. सव्वा रुपयासाठी ज्यांस कुऱ्हाड खाली ठेवावी लागली, त्यांच्या आठवणीत लाकडाचा वास इतका गोड खास नसेल. दुसरेही एक. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. आपल्या हवेचा असा कैवार घेणाऱ्यांनी मुंबईकरांच्या हवेविषयी इतके बेफिकीर का व्हावे, हे आम्हांस कळत नाही.

पाव पूर्वीसारखा कडक राहिला नाही, ह्या म्हणण्यातही थोडी गंमत आहे. चर्चगेटपासून डहाणू रोड सुमारे सव्वाशे किलोमीटर. २०१३ साली लोकल गाडी येथवर आली आणि मुंबईहून परतताना ब्रून आणणे सोपे झाले. पण तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणावयाचा, रात्री फ्रिजमध्ये कोंबावयाचा, आणि सकाळी चामट लागला म्हणून बेकरीवाल्यास नावे ठेवावयाची, हा कोठला न्याय? पावाच्या गर्भातील ओल हळूहळू पापुद्र्यात उतरते. पिशवी तिला बाहेर जाऊ देत नाही. समुद्रकाठची दमट हवा तीत भर घालते. फ्रिजच्या थंडीत तर पाव बाहेरच्याहून लवकर शिळा होतो. आजोबांचा ब्रून कडक होता, कारण तो भट्टीतून निघाल्यावर तासाभरात त्यांच्या पोटात जाई.

ज्यांस तो तासाभराचाच पाव हवा, त्यांनी तो घरी करावा. अर्धा किलो मैदा, सव्वातीनशे मिलिलिटर पाणी, १० ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम कोरडे यीस्ट. कणीक मळून दुप्पट फुगेपर्यंत झाकून ठेवावी. बिडाचे झाकणाचे जाड भांडे ओव्हनमध्ये २३० अंशांवर अर्धा तास तापवावे, त्यात गोळा सोडून वीस मिनिटे झाकून आणि नंतर तितकाच वेळ उघडा भाजावा. बीड हीच तुमची वीट, आणि झाकणाखाली कोंडलेली वाफ हीच तुमची भट्टी. हॉलंडातील लोक पावाच्या पाठीवर तांदळाच्या पिठाची, यीस्ट घालून फुगविलेली लेई फासतात. गव्हाचा चिवटपणा तांदळात नसल्यामुळे पाव फुगताना ती ताणली न जाता भेगाळते, आणि वर कुरकुरीत नक्षी उमटते. ज्या तालुक्यांत तांदळाची भाकरी रोज थापली जाते, तेथे हे पीठ कोणाच्या डब्यात नाही? लाकडाची एक काडी न जाळता ज्या गृहिणीने असा पाव एकदा काढला, तिला धुराचे माहात्म्य कोणी सांगू धजणार नाही.

घरचा पाव बेकरीवाल्याचे पोट मात्र भरीत नाही, आणि आमची खरी काळजी त्याच्याविषयी आहे. भट्टी बदलावयाची तर त्यास भांडवल हवे, जागेपर्यंत गॅसची नळी हवी, आणि बदलाच्या त्या महिन्यांत गिऱ्हाईक टिकावयास हवे. पहिल्या दोहोंसाठी सरकारच्या व बँकांच्या दारी तगादा लावावा लागेल. लाकूड वाचवा म्हणून काढलेल्या अर्जांपेक्षा त्या तगाद्यावर सह्या मिळवाव्यात. तिसरी गोष्ट सर्वस्वी खाणाऱ्यांच्या हाती आहे. पावामागे एक रुपया वाढला की ह्याच रसिकांच्या घरी महागाईवर व्याख्यान सुरू होते. तो रुपया मुकाट्याने द्यावा, आणि पाव सकाळी ऊनऊन असतानाच, स्वतः जाऊन, कागदात बांधून आणावा.