आवाज कुणाचा? आधी श्वासाचा!

पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा?’ ही आरोळी घुमते. पण ऐन प्रयोगाला तुमचाच आवाज बसलेला असेल तर? घसा बसणं म्हणजे मेहनतीची पावती, हा समज आता सोडा. बरेचदा ती स्वरतंतूंना आलेली सूज असते. बोलताना ते सेकंदाला साधारण १०० ते २०० वेळा एकमेकांवर आपटतात. सूज असताना ओरडलात तर इजा वाढणारच. जोर लावून कुजबुजलात तरी ताण येतोच. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेतो तो श्वास, खांदे न उचलता, बरगड्या आणि पोट फुलवून घेतलेला. पाणी प्या, घसा बसला तर गप्प राहा. तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि दिग्दर्शकांनो, बसलेल्या आवाजाला तालमीतून एक दिवस सुट्टी द्या की!